उंट गेल्यावर

पनवेलहून माथेरानच्या रस्त्याला लागले की सुकापूर येते. तिथे आमचे बिऱ्हाड. एरवी या पानावर मी साहित्याच्या चार गोष्टी सांगतो. पण फराळाच्या ताटात एखादा नवा जिन्नस असावा, तसा आजचा विषय बुद्धिबळाचा. मी त्या खेळातला जाणकार नव्हे, हे आधीच कबूल करतो. जाणकार आहेत ते आमचे चिरंजीव, वय वर्षे तेरा.

गेल्या महिन्यात पनवेलला मुलांचे सामने होते. शेवटच्या फेरीत चिरंजीव हरले आणि घरी येऊन जेवणावर रुसले. आमच्या हिने दोनदा ताट वाढले, दोनदा झाकून ठेवले. शेवटी रात्री मी पट मांडला आणि म्हणालो, "चालींचा कागद आण. बघू या काय झाले ते."

"त्यात बघायचे काय, बाबा? अठराव्या चालीला फुकटचे प्यादे खाल्ले आणि उंट अडकला. संपले!"

होते खरे तसेच. कडेचे एक प्यादे बिनरखवालीचे दिसले. उंटाने झेप घेऊन ते टिपले. समोरच्या मुलीने शेजारचे प्यादे एकच घर सरकवले आणि उंटाची परतीची वाट बंद झाली. दोन प्याद्यांच्या बदल्यात उंट गेला.

"अरे, हीच चूक फिशरने केली होती," मी म्हणालो. एवढे एक मी वाचलेले होते. ११ जुलै १९७२ ला रेकयाविक येथे जगज्जेतेपदाचा पहिला डाव स्पास्कीशी चालला होता. दोघांकडे राजा, एकेक उंट आणि प्यादी एवढेच उरले होते. डाव सरळ बरोबरीत सुटायचा. तेवढ्यात फिशरच्या उंटाने २९ व्या चालीला कडेचे प्यादे खाल्ले. स्पास्कीने शेजारचे प्यादे पुढे केले, आणि उंट सापळ्यात!

"मग हरलाच ना तो?"

"हरला, ५६ व्या चालीला. पण जाणकारांनी पुढे तो डाव तपासला तेव्हा आढळले, की उंट गेल्यावरही तो बरोबरीत सोडवता आला असता. खरा घात झाला तो नंतरच्या चालींत."

चिरंजीव सावरून बसले. आम्ही अठराव्या चालीपासून पुढे निघालो. तेविसाव्या चालीला त्यानेच एकदम पटावर बोट ठेवले. घोडा एक उडी मारता, तर राजाला शह बसून हत्तीवरही मारा झाला असता. हत्ती हाती येता, डाव पुन्हा उभा राहता!

"हे तुला तेव्हा कसे दिसले नाही?"

तो काही बोलला नाही. कागदाच्या कडेला उरलेली वेळ लिहून ठेवायची त्याला सवय आहे. तेविसाव्या चालीपाशी लिहिले होते, २८ मिनिटे. एकतिसाव्या चालीला हार पत्करली, तेव्हा २६. आठ चाली दोन मिनिटांत! डोळे पटावर होते, पण मन त्या गेलेल्या उंटापाशी बसले होते.

"दिव्याताईचे असे होत नाही," तो हळूच म्हणाला. त्याच्या भिंतीवर नागपूरच्या दिव्या देशमुखचे चित्र आहे. २०२५ च्या जुलैत बातुमीला महिलांचा विश्वचषक झाला. उपांत्य फेरीत तिची गाठ पडली ती माजी जगज्जेत्या तान झोंगयीशी. आपली बाजू चांगली होती, मधल्या खेळात आपणच घोळ घातला, असे नंतर दिव्यानेच सांगितले. पण घोळ झाला म्हणून तिने पट उधळला नाही. तो डाव तिने १०१ व्या चालीला जिंकला. पुढे २८ जुलैला कोनेरू हम्पीला हरवून तिने विश्वचषक जिंकला, तेव्हा तिचे वय होते १९. फिशरचेही तसेच. पहिला डाव गेला, दुसऱ्याला तर तो फिरकलाच नाही. तरी अखेर १२.५ विरुद्ध ८.५ असा सामना त्याने जिंकला.

चूक सर्वांचीच होते. चुकीनंतरची चाल कोण कशी खेळतो, यातच खेळाडू कळतो. असे मी मोठ्या थाटात सांगितले, आणि सांगता सांगता स्वतःच अडखळलो.

पंधरा वर्षांपूर्वी मी शाहिरी वाङ्मयावर पीएच.डी.चा प्रबंध हाती घेतला होता. तीन प्रकरणे झाली. तेवढ्यात एका प्रकाशकाने परीक्षेसाठी मार्गदर्शक लिहायला सांगितले, पैसे रोख. ते कडेचे प्यादे मी खाल्ले. वर्ष गेले, प्रबंध मागे पडला. पण चूक ती नव्हे. संसारी माणसाला कधी प्यादे खावेही लागते. चूक ही, की आता डाव गेला असे समजून पुढची चौदा वर्षे मी चाली नुसत्या उरकल्या. माझ्याही घड्याळात वेळ होता.

परवा दिवाळीच्या साफसफाईत हिने माळ्यावरून तो गठ्ठा खाली काढला. "रद्दीत घालू?" तिने विचारले.

"राहू दे," मी म्हणालो.

चिरंजीवांनी मान वर करून विचारले, "बाबा, निवृत्तीला किती वर्षे आहेत?"

"चौदा."

"मग बसा की!"

बसलो आहे. चौथ्या प्रकरणाची अडीच पाने झाली आहेत. दुसऱ्या खोलीत चिरंजीव पट मांडून बसले आहेत, आणि चकल्या दोघांमध्ये सारख्या वाटल्या जात आहेत.