उताराचा जबाब कोण घेणार?

‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून…’ अपघाताच्या फिर्यादीतलं हे वाक्य पोलिसांना पाठच असतं. ते खोटं असतं असं नाही, अपुरं असतं. पुण्याच्या नवले पुलाचंच घ्या. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की लांबलचक उतार. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले गाडी न्यूट्रल करून सोडतात, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी दगा देतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे एका मालवाहू वाहनाच्या धडकेत बऱ्याच वाहनांचं नुकसान झालं. अशा वेळी फिर्यादीत चालक येतो, उताराचा जबाब कोणी घेत नाही.

केंद्राची ‘आयरॅड’ आणि पुढची ‘ई-डार’ ही अपघातांच्या नोंदींची प्रणाली हा जबाब घेण्यासाठीच आहे. पोलीस, आरटीओ, आरोग्य आणि रस्ते खातं, चौघांनी एकाच अपघाताची माहिती एका ठिकाणी भरायची. ती सुरू झाली त्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. स्वीडनमध्ये पोलिसांच्या नोंदींना रुग्णालयांच्या नोंदी जोडल्या जातात; दुचाकीवरून घसरून पडलेला, पोलिसांकडे न गेलेला माणूस तिथे सापडतो. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावरचा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो तो पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा बळी झाल्यावर. म्हणजे आधी माणसं जायला हवीत! नागपुरात २०२१ पासून ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसना धोक्याची सूचना देणारी यंत्रं बसवली, आणि ती कुठे वारंवार वाजतात यावरून अपघात व्हायच्या आधीच जागा हेरायचा प्रयत्न झाला. माहिती जोडण्याच्या बाजूने याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तरी दोन शंका उरतात. ई-डारमधली माहिती नुकसानभरपाईच्या न्यायाधिकरणापर्यंत आणि विमा कंपनीपर्यंत जाते. डॉक्टरांना ‘थोडी घेतली होती’ असं सांगितलेलं तिथे पोचणार असेल, तर पुढचा जखमी डॉक्टरांपासूनही लपवेल. रस्ता सुधारायला अभियंत्याला दुखापत आणि जागा पुरते, नाव कशाला? दुसरी शंका आळसाची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ बळी गेले होते. पुढच्या काही वर्षांत ते निम्म्याहून खाली आले. सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी तिथे अपघाताच्या जागी जाऊन कारणं शोधली. कडेला उभे ट्रक आणि उघडे खांब दिसायला सर्व्हर लागत नाही. ‘आकडे येऊ द्या, मग बघू’ ही सबब मात्र नव्या प्रणालीमुळे आयतीच मिळते.

माझं मत माहिती जोडण्याच्या बाजूने आहे, नावं वगळून. पण खरी अडचण चौथ्या, म्हणजे रस्ते खात्याच्या रकान्यात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं: रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर ठेकेदाराला, सल्लागाराला, संबंधित प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड. तो दोष नोंदवायचा कोणी? ज्या खात्याचा रस्ता, त्याच खात्याच्या अभियंत्याने. तो स्वतःच्या साहेबाविरुद्ध रकाना भरेल अशी अपेक्षा भोळेपणाची आहे. निदान जीवघेण्या अपघाताची पाहणी तरी दुसऱ्या यंत्रणेकडे द्यावी, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे दिली तरी चालेल, आणि तिचा अहवाल त्या पट्ट्यातल्या लोकांना वाचायला मिळावा.