कौन्सिलात नांगर कोण धरतो?

मुडशिंगीच्या शेतकऱ्याला आणि बलुतेदाराला मत मिळून सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. ते मत कोणी झगडून घेतले आणि आम्ही त्याचे काय केले, हा हिशेब आमच्या घरांत कोणी मांडीत नाही. बैल घेताना आम्ही त्याचे दात मोजतो, बियाणे घेताना मूठ उघडून पाहतो. पण पाच वर्षांसाठी माणूस मुंबईस धाडावयाचा झाला की जात, पै-पाहुणा आणि आदल्या रात्रीचे जेवण एवढ्यावर आमची पारख संपते. पुढे तो तेथे तोंड उघडतो की जांभया देतो, हे विचारण्याची आमच्यात रीतच नाही. सबब हा हिशेब आज आम्हांस मांडावा लागत आहे.

मुंबईचे कायदे कौन्सिल पहिल्याने 22 जानेवारी 1862 रोजी टाऊन हॉलात भरले. सारे सभासद सरकारने नेमलेले. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे थोडे एतद्देशीय गृहस्थ त्यांत होते, पण रयतेने निवडलेला एकही नव्हता. 1892 व 1909 च्या कायद्यांनी दार थोडे किलकिले झाले, ते वकील, जमीनदार व शहरातील धनिक यांच्यापुरते. 1901 साली जमीनमहसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीवर फिरोजशहा मेहता व गोखले सभागृह सोडून बाहेर पडले. त्यांनी ते केले हे बरेच झाले. परंतु ज्याच्या जमिनीवरून हा खल चालला होता, त्या कुणब्याला आपल्या वतीने कोणी बोलावे हे ठरविण्याचा हक्कच नव्हता. आपला खटला, वकील दुसऱ्याने नेमलेला, आणि आपण कचेरीबाहेर झाडाखाली बसलेले!

मग मतांचा हक्क वाढण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा अथणीच्या सभेत, कुणब्यांना कौन्सिलात जाऊन काय नांगर धरायचा आहे, अशा अर्थाचा सवाल लोकमान्य टिळकांनी केल्याचे त्या काळापासून नमूद आहे. नेमके शब्द कोणते, यावर ज्यांना वाद घालावयाचा त्यांनी तो खुशाल घालावा. सवाल आमच्या बापजाद्यांच्या काळजात रुतला खरा. त्याचे उत्तर आमच्या शाहू छत्रपतींनी दिले. 1917 साली माँटेग्यूसाहेब आले असता महाराजांनी त्यांची भेट घेऊन मागासलेल्या वर्गांना स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. साउथबरो कमिटीने ते नाकारले, तरी महाराज हटले नाहीत. अखेर मुंबई इलाख्यात मराठे व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या गेल्या.

येथे मुडशिंगीकरांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. त्या सात जागांपैकी एकाही जागेसाठी आमच्या गावाला मत नव्हते! आम्ही करवीर दरबारची रयत. मुंबई इलाख्याच्या मतदारयादीत आमचे नाव असण्याचे कारणच नव्हते. महाराज भांडले ते साताऱ्याच्या, पुण्याच्या, नगरच्या रयतेसाठी. आपल्या प्रजेसाठी त्यांनी 1902 साली निम्म्या जागा राखल्या आणि 1917 साली सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले, ते दरबारच्या हुकुमाने. कोणी म्हणेल, मग हुकूमच बरा, कौन्सिलाची दगदग कशाला? आमचे उत्तर असे की हुकूम चांगला निघाला, कारण गादीवर शाहू होते. 6 मे 1922 रोजी महाराज गेले. गादीवर दर वेळी शाहू बसत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे महाराजांनाही हे पुरते ठाऊक होते, आणि म्हणूनच स्वतः राजा असून ते लोकांच्या मताचा हक्क मागत होते.

1920 च्या निवडणुकीत इलाख्यात तरी मत कोणाला होते? बहुतेक जिल्ह्यांत ज्याच्या जमिनीचा आकार 32 रुपये, त्याला. एकरी दोन रुपये आकार धरला तर सोळा एकरांचा धनी मतदार. दोन एकरवाला, कुळवाडी, कुंभार, सुतार, महार, मांग हे सारे बाहेर. 1935 च्या कायद्याने हा आकडा 8 रुपयांवर आला. अशा गाळून घेतलेल्या मतांवर जे निवडून गेले, आणि ज्यांना सरकारने नेमले, त्यांपैकी काहींनी आत काय केले ते आता ऐका.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव कागदावर राहिला, तेव्हा 20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी त्यात प्राण घातला. त्याच 1927 साली लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांवर घाला घालणारे बिल सरकारने आणले. एकत्रीकरणाचे नाव गोड होते, पण दोन-चार एकरवाल्याला त्यात भूमिहीन होण्याचे भय दिसले. आंबेडकरांनी सभागृहात त्याचे वाभाडे काढले, बाहेर ब्राह्मणेतर शेतकऱ्यांनी सभा गाजविल्या, आणि बिल बासनात गेले. 1928 साली आंबेडकरांनी महार वतनाचे बिल मांडले. ते मागे घ्यावे लागले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनीच खोती नष्ट करण्याचे बिल मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणची कुळे कौन्सिलावर चालून आली. खोती गेली 1949 च्या कायद्याने. गावकामगारांची कनिष्ठ वतने गेली 1958 च्या कायद्याने, म्हणजे पहिल्या बिलापासून तीस वर्षांनी!

वाचकहो, या माणसांच्या हाती सत्ता होती काय? बोले मंत्री नव्हते. आंबेडकर 1927 साली सरकारनियुक्त सभासद म्हणून बसले आणि 1937 साली विरोधी बाकावर होते. मागे मते मूठभर. तरी एकाने ठराव मांडला, दुसऱ्याने बिले मांडली. आणि आज आमचे प्रतिनिधी सांगतात की आमचे सरकार नाही, म्हणून काम होत नाही. सरकार आले की सांगतात, वरिष्ठांना विचारतो.

आमच्याच पक्षाचीही झाकली मूठ उघडली पाहिजे. भास्करराव जाधव मंत्री झाले, सिद्धाप्पा कांबळी मंत्री झाले. शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी बहुजनांसाठी खटपट केली, हे आम्ही विसरत नाही. पण पुष्कळांना मंत्रिपद आणि रावबहादुरी हेच मुक्कामाचे गाव वाटू लागले. 1937 साली सर्वांत मोठा पक्ष काँग्रेस असता साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांनी औट घटकेचे मंत्रिमंडळ बनविले. कांबळी त्यात बसले. एप्रिलात आले, जुलैत गेले. त्यांच्यामागून आलेल्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले ते अण्णासाहेब लठ्ठे, एके काळचे कोल्हापूरचे दिवाण आणि शाहू महाराजांचे चरित्रकार. पक्ष विरघळला, कारण रयतेच्या हातचा कासरा सुटला होता.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुडशिंगीच्या कुणब्याने, कुंभाराने, महाराने, आणि त्यांच्या बायकांनीही, विधानसभेसाठी पहिल्याने मत दिले. 32 रुपयांचा उंबरा गेला. फरक पाहा: 1948 चा कुळकायदा 1956 साली कडक झाला आणि 1 एप्रिल 1957 पासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले. पळवाटा होत्या, ज्यांना कागद समजत होता त्यांनी कुळांची नावे पुसूनही घेतली. तथापि कोट्यवधी मतांचा दाब नसता तर एवढेही झाले नसते.

त्यानंतर सभागृह आमच्याच माणसांनी भरले. नांगर धरणाऱ्याचा मुलगा कौन्सिलात गेला, पण नांगर बाहेर टेकवून गेला. मतदाराची गत बेंदराच्या बैलासारखी झाली. एक दिवस शिंगे रंगवावयाची, झूल घालावयाची, पुरणपोळी चारावयाची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मानेवर जू!

दूर कशाला जाता? उजळाईवाडीच्या विमानतळाच्या विस्तारासाठी मुडशिंगीच्या शिवारातील जमीन संपादनात आली. कोल्हापूरच्या हद्दवाढीचे प्रस्ताव निघाले, त्यांत मुडशिंगीचे नाव पुन्हा पुन्हा आले. 2017 साली 42 गावांवर प्राधिकरण बसले. शहरात जावे की गाव राहावे, यावर आमच्यातही दोन मते असतील. पण हे सारे ज्या कायद्यांच्या जोरावर होते, ते विधानसभेत होतात, आणि तेथे आमच्या वतीने कोण काय बोलले हे गावात दहा माणसांना सांगता येत नाही. 2022 साली जिल्हा परिषदेची मुदत संपली. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांच्या राखीव जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गुंतला आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सात जागांसाठी एका राजाने विलायतेपर्यंत पत्रव्यवहार केला. येथे जिल्ह्याजिल्ह्यांतील बलुतेदारांच्या जागा टांगणीला लागल्या, तरी आमच्या पारावर त्याची साधी चर्चा नाही.

विधानमंडळाची वर्षाला तीन अधिवेशने भरतात, दोन मुंबईस, एक नागपुरास. सभासदाला तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, आंबेडकरांप्रमाणे स्वतःचे बिल मांडता येते. कामकाजाचा वृत्तांत छापला जातो. ती काही गुप्त चिठ्ठी नव्हे. मुडशिंगीच्या पुढच्या ग्रामसभेने आपल्या आमदारास लेखी पत्र धाडावे. गेल्या तीन अधिवेशनांत आपण किती दिवस हजर होता? भूसंपादनाचा मोबदला, हद्दवाढ आणि बलुतेदारांच्या जागा यांवर कोणता प्रश्न, कोणत्या तारखेस विचारला? मंत्र्याने काय उत्तर दिले? उत्तर आले तर ते चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावे. न आले तर पत्राची तारीख फळ्यावर लिहावी, आणि पुढची निवडणूक येईतो ती कोणी पुसू नये.