ज्योतीमागचा धूर

नवरात्र जवळ आलं की आमच्या भागातल्या मंडळांच्या बैठका सुरू होतात. तुळजापूरहून ज्योत आणायला किती पोरं जाणार, टी-शर्टाचा रंग कोणता, त्यावर पुढाऱ्याचा फोटो किती मोठा, आणि टेम्पो कुणाचा. तासन्तास चर्चा चालते. सायकली किती, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. मी विचारला, तर एक जण म्हणाला, "सर, आता सायकलवर कोण येतंय?" सगळे हसले. हसू दे. शाळेत चाळीस वर्गांचं हसू ऐकून झालंय माझं. पण प्रश्न मी मागे घेतलेला नाही आणि आज तोच इथे सविस्तर मांडणार आहे.

जे लांब राहतात (आमची परदेशातली भाचरं, आणि कोकणातली ब्लॉगर मंडळी) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भवानीच्या देवळात मशाल पेटवायची आणि ती आळीपाळीने हातात धरून, धावत, आपल्या गावी आणायची. वाटेत विझू द्यायची नाही. बरेच जण अनवाणी धावतात. त्या ज्योतीवरून गावातल्या देवीचा दिवा लागतो. शिवजयंतीला अशाच शिवज्योती रायगड, शिवनेरी, पन्हाळ्याहून निघतात. काही ठिकाणी १९ फेब्रुवारीला, काही ठिकाणी फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद आपण आज बाजूला ठेवू. एकच लक्षात घ्या, की ही धाव आहे. पायांनी करायची गोष्ट आहे.

माझं म्हणणं असं, की धावणाऱ्या मित्राच्या सोबतीला जो जातो त्याने स्वतःच्या पायांच्या जोरावर जावं. म्हणजे सायकलवर. इंजिनवर बसून सोबत होत नाही, फार तर पाहणी होते.

आता कुणी म्हणेल, सरांना जुनं ते सोनं वाटतं. तसं नाही. मोबाइल मला आवडतो, हा ब्लॉगही मीच टाइप करतो. पण सायकल इथे जुनी म्हणून चांगली नाही, तिचा वेग जुळतो म्हणून चांगली आहे. मशाल घेतलेला पोरगा तासाला आठ-नऊ किलोमीटर धावतो. सायकल त्या वेगाने नीट चालते, थोडी डुलते इतकंच. मोटारसायकल त्या वेगाला चालवून बघा! क्लच अर्धा दाबून हात भरून येतो, इंजिन तापतं, मग पोरं कंटाळून पुढे जातात, पानटपरीवर थांबतात, पुन्हा मागे येतात. आणि ते पुढे गेले की मशालवाला अंधारात एकटा. टेम्पोची गत तर विचारूच नका. पहिल्या गिअरमध्ये घरघरत तो मागून येणार, नाहीतर पुढे राहून सगळा धूर धावणाऱ्याच्या तोंडावर सोडणार. धावताना माणूस तोंड उघडून श्वास घेतो, हे पाचवीच्या पोरालाही माहीत असतं.

सत्तरच्या दशकात मी नवा मास्तर होतो तेव्हा असल्या फेऱ्यांना सायकलवर गेलो आहे. तुळजापूर ते सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर. पाचसहा सायकली आणि पंधराएक माणसं. ज्याची पाळी झाली तो कॅरिअरवर बसायचा, पुढच्या पाळीचा उतरून पायात बळ आणायला थोडं चालायचा. म्हणजे सायकलवाला रिकामा कधीच नसे. मागे एक दमलेला गडी, हँडलला तेलाचा डबा, दुसऱ्या बाजूला पाण्याची कळशी, खिशात ठिगळं आणि सोल्युशनची ट्यूब. निघाल्या निघाल्या तुळजापूरचा घाट उतरायचा, तिथे ब्रेकच्या रबरांचा जळका वास यायचा. मागचं ओझं घेऊन उतारावर धावणाऱ्याच्या मागेच राहायचं, पुढे सुटायचं नाही, हे चढापेक्षा कठीण. घाट संपला की तामलवाडीपर्यंत सगळे गप्पच असत. आणि डायनामोची एक गंमत. तो चाकावर चालतो, त्यामुळे धावण्याच्या वेगाला दिवा नुसता लाल व्हायचा, उजेड नाहीच. म्हणून बॅटरी सुतळीने हँडलला बांधायची. ही अक्कल कुठल्या पुस्तकात नव्हती, आधीच्या वर्षीच्या पोरांनी पुढच्यांना दिलेली.

कोण कुठे लंगडतोय, कुणाचा श्वास फुलला, कुणाच्या तळव्यात काच गेली, हे सायकलवाल्याला सांगावं लागत नसे. त्याचे कान धावणाऱ्याच्या पावलांशी असत. आता टेम्पोत गाणी इतकी मोठ्याने लागलेली असतात की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, मग रस्त्यावरच्याचं कण्हणं कुठलं ऐकू येणार? रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. मोजके सूट दिलेले दिवस सोडले तर ती पाळायची असते. देवीचं नाव घेतलं की नियम लागू होत नाही, असं आपण ठरवून टाकलंय. वाटेवरच्या गावांत आजारी माणसं झोपलेली असतात, त्यांचीही देवी तीच.

हा गोंधळ आपलाच आहे असं समजू नका. १८९७ मध्ये अमेरिकेत बोस्टनची पहिली मॅरेथॉन झाली. पंधरा जण धावले, आणि त्यांच्या सोबतीला सायकलस्वार दिले होते. पाणी, लिंबं, ओले रुमाल घेऊन. पुढे सातच वर्षांनी, ३० ऑगस्ट १९०४ ला, सेंट लुईसच्या ऑलिंपिकमधली मॅरेथॉन झाली. तिथे सोबतीला मोटारी होत्या. रस्ते कच्चे, उन्हाळा कडक, आणि मोटारींनी उडवलेली धूळ धावणाऱ्यांच्या छातीत. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू रस्त्याकडेला पडलेला सापडला, धुळीने पोटात रक्तस्राव होऊन मरता मरता वाचला. बत्तीस निघाले, चौदा पोचले. ज्याला सुवर्णपदक मिळालं त्या थॉमस हिक्सला सोबतच्या लोकांनी वाटेत ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन पाजलं होतं. होय, विषच, तेव्हा ते उत्तेजक म्हणून थोडं थोडं देत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. फ्रेड लॉर्झ नावाचा गडी दमला, तर तो सरळ मोटारीत बसला. सुमारे अठरा किलोमीटर मोटारीतून आला, मोटार बंद पडली तसा उतरला आणि धावत मैदानात शिरला. लोकांनी त्यालाच विजेता म्हणून डोक्यावर घेतलं! लबाडी लगेच उघड झाली ते सोडा.

हसू आलं ना? आता आपल्या ज्योतीकडे बघा. मशाल टेम्पोत, पोरं टेम्पोत, गाणी टेम्पोत. गावाची वेस दिसली की सगळे उतरतात, मशाल पुन्हा नीट पेटवतात, अंगावर पाण्याचे शिंतोडे मारतात आणि धावत गावात शिरतात. आयाबहिणी पायावर पाणी घालतात, ओवाळतात. सगळी मंडळं असं करतात असं मी म्हणत नाही. पुष्कळ पोरं पाय सोलवटेपर्यंत धावतात, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण टेम्पो बरोबर असला की तो "ये, बस" म्हणतच असतो. सायकल तसं म्हणत नाही. तिच्या कॅरिअरवर बसलं तरी आपला मित्र घाम गाळत आपल्याला ओढतोय हे पाठीमागून दिसतं, आणि फार वेळ बसवत नाही.

बरं, सुरक्षेचं काय, असं मला विचारतात. टेम्पो मागे असला की पोरं सुरक्षित राहतात म्हणे. शिवजयंती आणि नवरात्राच्या सुमारास ज्योत आणणाऱ्या पोरांच्या अपघातांच्या बातम्या येतात त्या वाचून पाहा. त्यांत टेम्पो आणि मोटारसायकली असतातच. टेम्पोच्या मागच्या फळीवर लटकलेली, टपावर झेंडा घेऊन नाचणारी पोरं, पहाटे तीनला डोळ्यांवर झोप आलेला ड्रायव्हर, आणि मागून येणारा ट्रक, ही सुरक्षा? सोलापूर-तुळजापूर रस्ता आता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आहे. तिथे पहिल्या गिअरमध्ये चाललेला टेम्पो हाच मोठा धोका. कोजागिरीला लाखो माणसं सोलापूरकडून तुळजापूरला चालत जातात तेव्हा प्रशासन जड वाहतूक दुसरीकडून वळवतं. ज्योतींच्या रात्रीही निदान काही तास तसं करा, असं कुठल्या मंडळाने लिहून दिलंय का? डीजेची परवानगी मागायला मात्र सगळे जातात.

एक आक्षेप मला मान्य आहे. कुणाला चक्कर आली, हाड मोडलं, तर सायकलवरून दवाखाना गाठता येणार नाही. तेव्हा एक गाडी ठेवा. पण ती पुढे दहा-पंधरा किलोमीटरवर, एखाद्या पेट्रोलपंपावर उभी राहू द्या, दिवे लावून, गाणी बंद करून. फोन केला की येईल. तिच्यात औषधाची पेटी असावी, आणि ड्रायव्हर झोपलेला असला तरी चालेल, उलट बरंच. रायगडाहून शेकडो किलोमीटर आणणाऱ्यांना दोन गाड्या लागतील, लागू देत. गाडी असण्याला माझा विरोध नाही, ती धावणाऱ्याच्या पाठीला चिकटून असण्याला आहे.

"सायकली आहेत कुठे गावात?" हा दुसरा आक्षेप. वा! रोज सकाळी शाळेच्या रस्त्याला उभे राहा. मानव विकास कार्यक्रमातून कितीतरी तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आहेत. पाच-पाच किलोमीटर रोज जातात-येतात पोरी, ऊन असो की पाऊस. गावातले उत्तम सायकलस्वार आज कोण, तर या मुली. त्यांना ज्योतीला न्यायचा विचार कुठल्या बैठकीत झाला नाही. देवी आणायला जायचं, आणि मुलींनी घरी थांबून ओवाळायचं! त्यांच्या बरोबर त्यांच्या बाईंनी, आयांनी जावं, दिवसा निघून दिवेलागणीला पोचावं. पंचेचाळीस किलोमीटर दिवसाउजेडी सहज होतात. रात्रीच आणली पाहिजे असं मी तरी कुणा जाणत्या माणसाकडून ऐकलेलं नाही. आणि नुसत्या सायकली का चालवाव्यात त्यांनी, मशालही धरतील.

हा लेख वाचून मंडळातली पोरं रागावणार हे मला ठाऊक आहे. त्यातले निम्मे माझे विद्यार्थी, आणि उरलेल्या निम्म्यांचे बाप माझे विद्यार्थी. रागावले तरी पाया पडायला येतात, हा मास्तर असण्याचा फायदा. त्यांना एकच हिशोब विचारतो. गेल्या वर्षी टेम्पोचं भाडं, डिझेल आणि डीजेवर जेवढे पैसे गेले, तेवढ्यात सायकली किती आल्या असत्या? वर्गणी आम्ही देतो, तेव्हा आकडा फलकावर लावा.

टी-शर्टाचंही सांगून ठेवतो. धावणाऱ्यांच्या पाठीवर "ज्योत धावक" छापता, सत्कारात नारळही त्यांनाच. सायकलवर जो येईल त्याला तोच शर्ट आणि तसाच नारळ मिळाला पाहिजे. त्याने सगळं अंतर पायांनी कापलेलं असतं, धावणाऱ्याने आपल्या पाळीपुरतंच, हे गणित सहावीचं आहे.

माझ्याकडची सायकल दुरुस्त करून आणली आहे. नवे टायर, नवं सीट, मागे लाल दिवा. पंचेचाळीस किलोमीटर आता मला झेपणार नाहीत, पण शेवटच्या सात-आठ किलोमीटरला मी येणार. पुण्याहून येणाऱ्या दोन्ही भाच्यांनी आपापल्या सायकली गाडीच्या टपावर बांधून आणाव्यात, आणि हवेचा पंप विसरू नये. आमच्या गल्लीतला पंक्चरवाला सणाला दुकान बंद ठेवतो.