न्याहारीला काय होते?

गेल्या वर्षी जून-जुलैमधली गोष्ट. कॉलेजचे पहिलेच दिवस होते. तासाला अवकाश होता म्हणून आम्ही चारपाच जणी व्हरांड्यात उभ्या होतो. सातारा शहरातल्या एका मैत्रिणीने सहज विचारले, "तुमच्या घरी सकाळी नाष्ट्याला काय करतात गं?" मी चटकन उत्तर दिले, "पोहे."

हे उत्तर खोटे होते. आमच्या घरी पोहे होतात ते पाहुणे आल्यावर, त्यातूनही मुलगी पाहायला आलेले पाहुणे असतील तर हमखास. एरवी सांगली जिल्ह्यातल्या, खानापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात 'नाष्टा' हा शब्द फक्त हॉटेलच्या पाटीवर असतो. घरात असते ती न्याहारी. बुट्टीतली रात्रीची भाकरी, तिच्यावर खर्डा, असेल तर दही, नसेल तर तेलाची धार. थंडीत बाजरीची भाकरी, शाळू निघाला की शाळूची. उन्हाळ्यात आंबील, पावसाळ्याच्या गारठ्यात हुलग्याचे माडगे. यातले एकही नाव त्या दिवशी माझ्या तोंडून बाहेर पडले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पायरी चढताना भाकरीची बुट्टी खाली ठेवूनच चढायचे असते, अशी माझी समजूत होती.

पुढे दिवाळीच्या आधी आई मला भेटायला वसतिगृहावर आली. विट्याहून कऱ्हाड आणि कऱ्हाडहून सातारा असा एस. टी. चा प्रवास करून ती आली होती. येताना फडक्यात बांधून भाकरी, खर्डा आणि परसातले चार दोडके आणले होते. सांगायला लाज वाटते, पण ते गाठोडे मी घाईघाईने कॉटखाली सरकवले. माझी खोलीतली सोबतीण शहरात वाढलेली. तिने मात्र दोडके पाहिले आणि आईजवळ बसून म्हणाली, "मावशी, आमच्या गॅलरीत डब्यात दोडका लावलाय. फुलतो खूप, पण धरत नाही. काय करावं?"

आई जरा लाजली. मग पदर सावरून सांगू लागली, "माशी फिरत नसंल तितं. ज्या फुलाच्या मागं बारकं दोडकं आसतं ती मादी. नराचं फूल तोडायचं आन् तिच्यावर हलकं टेकवायचं. पर सांजच्याला. दोडकं सांजचं फुलतंय." पुढे तासभर दोघींचे बोलणे चालले होते. पहिले चांगले फळ खायचे नाही, बियाण्यासाठी वेलावरच वाळवायचे. बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचे. मिरचीचे रोप दुपारी लावू नये, माना टाकते. ऊन उतरल्यावर लावावे. मोरीचे पाणी वाया न घालवता अळवाला आणि केळीला सोडावे. सोबतीण वहीत लिहून घेत होती. मधेच ती मला म्हणाली, "अगं, आपल्याला दहावीला परागीभवन होतं, ते हेच की!"

मी गप्प झाले. परागीभवनाची व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती आणि तिचे गुणही घेतले होते. पण आमच्याच परसात संध्याकाळी आई वेलाजवळ काय करीत असते, हे मी कधी विचारले नव्हते. गाठोडे अर्थातच कॉटखालून बाहेर आले आणि भाकरी तिघींनी मिळून खाल्ली.

त्या दिवसापासून एक विचार मनात घर करून आहे. "आज काय केलंस", "कोथिंबीर उगवली का", "पीठ कसलं घातलंस" या बोलण्याला आपण 'बायकांच्या गप्पा' म्हणून बाजूला सारतो. पण या गप्पांतूनच हे ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात आणि आईकडून मुलीकडे जाते. त्याला पुस्तक नाही, म्हणून ते ज्ञान नाही असे आपण धरून चालतो. सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. त्यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने घराघरांत पोचले. घरातले बोलणे नीट मांडले की त्याचा ग्रंथ होतो, याला याहून जवळचा दाखला कोणता हवा?

आणि हे काम फक्त बायकांचे, असे निदान साताऱ्यात तरी कोणी म्हणू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली याच गावात वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, स्वतः कष्ट करीत, स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही ठेवले नाही. आपल्यासारख्यांच्या शिक्षणाची सुरुवात चुलीजवळच झालेली आहे. मग आज माझ्या भावाला भाकरी थापता येत नाही आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही, हे कसे?

कोणी म्हणेल, गरिबीचे कौतुक कशाला? मान्य आहे. मला ते करायचेही नाही. शिळी भाकरी आम्ही आवडीने खातो, पण ती सुरू झाली गरजेने. पहाटे चूल पेटवायला वेळ नसतो आणि रानात लवकर जायचे असते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडताना मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांच्या आठवणी आजी सांगते, तेव्हा तिच्या आवाजात कौतुक नसते. आजही आमच्या घरी आई सर्वांच्या शेवटी खाते आणि कधीकधी तिच्या वाट्याला नुसता खर्डाच उरतो. हे बदललेच पाहिजे. पण भूक दूर करणे वेगळे आणि भाकरीची लाज बाळगणे वेगळे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारी-बाजरीवर व्याख्याने झाली आणि हॉटेलांतून भाकरीची ताटे सजली. चांगलेच झाले. मात्र जी बाई जन्मभर ती भाकरी थापत आली, तिला त्या व्यासपीठावर किती ठिकाणी बोलावले?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. वसतिगृहाच्या मोरीचे पाणी मागच्या बाजूला नुसते वाहून जाते. तिथे मुलामुलींनी मिळून चार वाफे करावेत. पहिले बी मी घरून आणीन. दुसरी सूचना संपादक मंडळाला. पुढच्या वार्षिक अंकात दोनचार पाने आमच्या आयांसाठी राखून ठेवावीत. त्या सांगतील, आम्ही लिहू. खाली नाव मात्र त्यांचे असावे.

व्हरांड्यात प्रश्न विचारणाऱ्या त्या मैत्रिणीला खरे उत्तर द्यायचे अजून राहिलेच आहे. ते इथे देते. आमच्याकडे न्याहारीला शिळी भाकरी आणि खर्डा असतो. एकदा घरी ये. आईला आधी वाढू आणि मग आपण बसू.

— द्वितीय वर्ष, कला