निकाल किती मुलांचा?

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या माध्यमिक शाळांची प्रत केवळ दहावीच्या निकालावरून ठरवणारे पत्र वाचले. ते पटले नाही. टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांतून निघते, नववीत शाळा सुटलेले मूल त्या हिशेबात येतच नाही. शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) संरक्षण आठवीपर्यंतच आहे. पुढे कच्च्या मुलाला बाहेरून दहावीला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला की शाळेचा निकाल वाढतो; त्या मुलाचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. भोसरी-चिखलीत मराठवाड्यातून, बिहारमधून आलेल्या कंत्राटी कामगारांची मुले शिकतात. बापाचा ठेका संपला की खोली बदलते, शाळाही. त्यांना सामावणारी शाळा आणि फीच्या चाळणीतून मुले घेणारी शाळा एका तराजूत कशी तोलायची?

म्हणजे वाईट शाळांना माफी द्यायची का, असे कुणी विचारेल. मुळीच नाही, माझी मोजणी अधिक कडक आहे. आठवीच्या पटावरची किती मुले दोन वर्षांनी दहावीला बसली, उरलेली कुठे गेली, गणिताचे शिक्षक वर्षभर होते का, प्रयोगशाळेचे कुलूप किती वेळा निघाले, हे सांगा. यूडायस प्लस या सरकारी शालेय नोंदप्रणालीवर मुलागणिक नोंद असतेच. महापालिकेने गळतीचे आकडे शाळानिहाय जाहीर करावेत, तेही प्रवेश सुरू होण्याआधी.

– एक वाचक, चिंचवड