तार तुटली तेव्हा

गेल्या महिन्यात मी पुण्याला जाऊन एका रॉक बँडचा कार्यक्रम पाहून आले. लिहितानाही हसू येते आहे. वय सेहेचाळीस, डोक्यावर ओढणी, खांद्याला डबा नि पाण्याची बाटली असलेली पिशवी, आणि भोवती काळे टी-शर्ट घातलेली तीन-चारशे कॉलेजची पोरे.

झाले असे. माझी लेक पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एका रविवारी तिचा फोन आला, "अम्मी, शनिवारी एका बँडचा शो है. तुमे भी चलो की." तिच्या अब्बांनी पेपरमधून डोके वर काढून माझ्याकडे पाहिले. गाण्या-बजावण्याबद्दल आपल्या घरांत एकमत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या सासरी टीव्हीवर गाणे लागले की आवाज बंद होतो. माहेर मिरजेचे, तिथे गल्लीत तानपुरे सुकत असत. मी त्या वादात शिरत नाही. मी एवढाच विचार केला की "नको" म्हटले तर ती गप्प बसेल, आणि हल्ली ती आधीच फार गप्प असते. शनिवारी सकाळच्या एसटीने मी निघाले.

मगरिबची नमाज तिच्या खोलीवर पढून आम्ही रिक्षात बसलो. वाटेत तिने माझा वर्ग घेतला. इंडी बँड म्हणजे स्वतंत्र बँड. मागे मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही. पोरे स्वतः गाणी रचतात, साठवलेल्या पैशांत रेकॉर्ड करतात आणि इंटरनेटवर टाकतात. या चौघांच्या एका गाण्याच्या ओळी पोरींच्या हॉस्टेलात भिंतींवर लिहिलेल्या आहेत म्हणे. मोबाइलवर जो तो लिहीत होता की असा बँड दहा वर्षांत झाला नाही. वय विचारले तर एकवीस-बावीस. नाव मी लिहीत नाही, कारण पुढे त्यांची फजिती सांगायची आहे.

हा गाजावाजा काही नवा नाही, असेही ती म्हणाली. इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरात काही पोरांनी 2002 साली 'आर्क्टिक मंकीज' नावाचा बँड काढला. कार्यक्रमाला आलेल्यांना ते आपल्या गाण्यांच्या सीडी फुकट वाटत. ऐकणाऱ्यांनी त्या इंटरनेटवर चढवल्या. 2006 च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात 3 लाख 60 हजारांहून अधिक प्रती खपल्या. कुठल्याही बँडचा पहिला अल्बम तोवर तिथे इतक्या वेगाने खपला नव्हता. त्याच्या आदल्याच वर्षीच्या एका गाण्याच्या व्हिडिओत, गाणे सुरू होण्याआधी, त्यांचा एकोणीस वर्षांचा गायक सांगतो की आमच्या गाजावाजावर विश्वास ठेवू नका. मला तो पोरगा तिथल्या तिथे आवडला.

कार्यक्रम सातचा होता, सुरू झाला सव्वाआठला. पहिल्या ठोक्यालाच छातीत धडधडले. ढोल कानांनी ऐकतात, हा बासचा आवाज बरगड्यांनी ऐकावा लागतो. पोरांना सगळे शब्द पाठ होते. शब्द बरेचसे उर्दू, म्हणून मीही कान दिला. गायक "ख्वाब" मधला 'व' ठासून म्हणत होता. उर्दूत तिथे वाव लिहितात, पण उच्चारत नाहीत, म्हणायचे "खाब". हात लाल पेनासाठी शिवशिवला. पण मनात आले, माझ्या उर्दूच्या वर्गात या वर्षी अकरा मुले आहेत, आणि इथे चारशे पोरे घसा फोडून उर्दू म्हणताहेत. 'व'सकट का होईना.

दुसऱ्या गाण्यात त्याचा आवाज वर चढताना फाटला. तिसऱ्यात गिटारची तार तुटली.

दुसरी गिटार आणलेली नव्हती. तो रंगमंचाच्या कडेला बसून नवी तार ओवू लागला. हात थरथरत होते, एकदा तार निसटलीही. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "हाच का तो बँड?" असे कोणीतरी मोठ्याने विचारले आणि लोक हसले. ज्यांनी महिनाभर त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच मोबाइल वर धरले, आता ही फजिती टिपायला. काही जण तर उठून गेले. तेवढ्यात ड्रमवरच्या पोराने हलका ठेका धरला, बासवाला त्यात मिसळला. काही मोठे नाही, मित्राची वेळ भागवण्यापुरते. चार-पाच मिनिटांनी गायक उठला, म्हणाला, "सॉरी, इतक्या लोकांसमोर पहिल्यांदाच वाजवतोय." पुढचे गाणे त्याने खालच्या पट्टीत, सावकाश म्हटले. संध्याकाळभरात तेच एक मला खरे वाटले.

मी लेकीकडे पाहिले. ती गात नव्हती. तिने माझ्या ओढणीचे टोक मुठीत धरले होते, लहानपणी डॉक्टरकडे धरायची तसे.

परतताना रिक्षा मिळेना म्हणून चालत निघालो. पुलावर ती थांबली आणि म्हणाली, "अम्मी, गणितात मी नापास झाले. दोन महिने झाले."

वाचकहो, तिच्या परवानगीने लिहिते आहे. दहावीला ती शाळेत पहिली आली तेव्हा आमच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला होता. मौलाना, नगरसेवक, नातेवाईक, सगळ्यांचे फोटो होते. खाली लिहिले होते, 'समाजाचे नाव उज्ज्वल करणारी'. फोटो निवडून मीच दिला होता. पंधरा वर्षांच्या मुलीवर आम्ही अख्ख्या समाजाचे नाव ठेवले आणि पेढे वाटले. मग ती नापास झाली हे सांगणार कोणाला? त्या पोराची तार सगळ्यांसमोर तुटली, त्याला ओवण्यावाचून गत्यंतर नव्हते. माझ्या लेकीची बंद खोलीत तुटली होती.

मला तेव्हा माहेरची गल्ली आठवली. मिरजेत शिकलगार घराण्यांतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यापासून तानपुरे आणि सितारी बनवतात. 2024 मध्ये त्यांच्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी कानसेने इतकी बारीक घासतात की तार छेडताच आवाज गुंजत राहतो. त्याला जवारी म्हणतात. लहानपणी मी एका म्हाताऱ्या चाचांना विचारले होते, "इतकी मेहनत केली, आता हे कायमचे ना?" ते हसले. वाजवून वाजवून तार घोडीवर खाचा पाडते, जवारी बिघडते, मग पुन्हा घासावी लागते. जवारी बिघडत नाही ती फक्त भिंतीवर टांगलेल्या तानपुऱ्याची.

हे मी तिला पुलावर सांगितले. खरे सांगायचे तर आधी मी बराच वेळ काही बोललेच नाही, आणि पहिले वाक्य रागाचेच होते, "दोन महिने लपवलेस?" ती म्हणाली, "फ्लेक्सवाली मुलगी होते ना." त्यावर माझ्यातल्या शिक्षिकेकडे उत्तर नव्हते. पिशवीतला डबा काढला, कठड्याशी उभ्या राहून आम्ही दोघींनी गार झालेले पराठे खाल्ले.

त्या बँडचे पुढे काय होईल, कोण जाणे. त्यांना रियाजाला दोन-चार वर्षे कोणी शांतपणे दिली तर गातील चांगले. आपण पोरांना तेवढे देत नाही. आधी खांद्यावर घेऊन नाचतो, मग पडले की मोबाइल वर धरतो. या वर्षीच्या दहावीच्या निकालाला शाळेतर्फे फ्लेक्स लावायचा नाही, असे मी स्टाफरूममध्ये सुचवले आहे. अजून कोणी हो म्हटलेले नाही.

लेकीची फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. दुआ करा. निकाल मात्र या पानावर छापणार नाही, पास झाली तरीही नाही.