‘खो’ द्यायला कोण शिकवणार?

मैत्रिणींनो, आज आधी माझीच एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. त्याच्या वर्गातल्या एका मुलाला कावीळ झाली आणि तो तीन आठवडे घरीच होता. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली. एका संध्याकाळी त्याची आई दारात आली. ‘‘ताई, गणिताची आणि विज्ञानाची वही दोन दिवस मिळेल का? उतरवून झाली की लगेच आणून देते.’’ त्या मुलाची आणि माझ्या मुलाची पहिल्या नंबरासाठी कायम चुरस. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘‘अहो, वह्या तर तपासायला शाळेत दिल्यात.’’ त्या बिचाऱ्या ‘बरं बरं’ म्हणून गेल्या. दार लावून वळले तर मुलगा आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभा. काही बोलला नाही. त्या सहामाहीत त्याचा पहिला नंबर आला. मी पेढे वाटले. त्या घरीसुद्धा दिले!

पुढच्या वर्षी शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी पाच-पाच मुलांचे गट केले. हुशार म्हणून याला गटप्रमुख केलं. ठिबक सिंचनाचं मॉडेल करायचं होतं. पंधरा दिवस हा एकटाच राबत होता. ‘‘बाकीचे काय करतात रे?’’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘त्यांना नाही जमत, बिघडवून ठेवतील.’’ नेमका प्रदर्शनाच्या दिवशी याला ताप भरला. चौघं मॉडेल घेऊन गेले. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, तर एकालाही धड सांगता येईना. संध्याकाळी हा पांघरुणात तोंड खुपसून रडत होता. ‘‘आई, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं गं.’’

मला त्या क्षणी ती वही आठवली. आपल्याजवळचं दुसऱ्याला द्यायचं नाही, हे त्याला शाळेने नाही शिकवलं. मी शिकवलं.

आपल्या घराघरात एक समजूत पक्की बसली आहे. जो पहिला येतो तोच पुढारी होतो. वर्गात मॉनिटर कोण? ज्याला जास्त मार्क. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कोण करणार? तोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरं लागतात, तिथेही शेवटच्या दिवशी एकाच मुलाला ‘उत्कृष्ट नेतृत्व’ म्हणून ढाल मिळते. बाकीचे टाळ्या वाजवतात. पण पहिला येणं आणि दहा जणांना बरोबर घेऊन जाणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला येण्यासाठी बाकीचे मागे राहावे लागतात. पुढारपणात बाकीचे मागे राहिले तर तो आपलाच पराभव असतो.

आपल्या मातीतला खो-खो बघा ना. आठ जणी आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेल्या आणि नववी पाठलाग करणारी. तिला मागे वळता येत नाही, बसलेल्या दोघींच्या मधून घुसता येत नाही. ती कितीही चपळ असली तरी एकटी पळून किती पळणार? योग्य क्षणी योग्य मुलीला ‘खो’ द्यायचा आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. बसलेल्या मुलीनेही डुलक्या काढायच्या नाहीत, कारण कोणत्या क्षणी खेळ तिच्या हातात येईल सांगता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी तो जिंकला, आणि संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तो संघ जिंकायलाच उतरला होता, म्हणजे स्पर्धा होतीच. पण ती जिंकली एकमेकींना वेळेवर ‘खो’ देऊन.

मला वाटतं, आपण मुलांना पळायला भरपूर शिकवतो. ‘खो’ द्यायला आणि द्यायच्या वेळी बसायला शिकवत नाही.

आपल्याकडे हे शिकवणारी माणसं होऊन गेली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याला वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. स्वयंपाकापासून शेतातल्या कामापर्यंत सगळं मुलांनी मिळून करायचं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. ज्या काळात एका पंगतीला बसणंसुद्धा मोठी गोष्ट होती, त्या काळात एकमेकांच्या हातचं खाऊन ती मुलं वाढली. मला वाटतं, माणसांना बरोबर घेऊन चालण्याचा याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

आणि लांब कशाला जायचं? आपला बचत गटच घ्या. मी गेली बारा वर्षं गटांचं काम करते. दहा ते वीस बायका एकत्र येतात, ठरलेली रक्कम जमा करतात, एकमेकींना कर्ज देतात. जिथे अध्यक्षपद आणि सचिवपद ठरावीक काळाने फिरतं ठेवलं, तिथे मी बायकांना डोळ्यांदेखत बदलताना पाहिलं आहे. एक बाई सुरुवातीला पदर तोंडावर घेऊन कोपऱ्यात बसायची. तिची पाळी आली तेव्हा ‘‘मला नको बाई’’ म्हणून रडकुंडीला आली. आधीच्या अध्यक्षबाईंनी तिला बँकेत बरोबर नेलं, स्लिप भरायला शिकवली, साहेबांशी बोलायला पुढे केलं. आज तीच बाई ग्रामसभेत उभी राहून पाण्याच्या टाकीचा हिशेब मागते. १९९३ पासून पंचायतींमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. जागा कायद्याने दिल्या, पण तिथे बसून कारभार करायचं बळ अनेकींना अशा गटांतूनच मिळालं. आणि जिथे वर्षानुवर्षं एकच बाई अध्यक्ष राहिली, दप्तर स्वतःच्या कपाटात ठेवून बसली, तिथे ती आजारी पडली की गटही आजारी पडला. माझ्या मुलाच्या मॉडेलसारखं!

आता तुम्ही म्हणाल, ‘‘ताई, बोलायला सोपं आहे. जग स्पर्धेचं आहे. स्पर्धा परीक्षेला मोजक्या जागा आणि लाखो पोरं. तिथे वह्या वाटत बसलं तर आपलं पोर मागे पडेल.’’ ही भीती खोटी नाही. माझ्या पोटातही तीच होती, म्हणून तर मी खोटं बोलले. स्पर्धा नकोच, असं मी म्हणणार नाही. चुरशीने माणूस जागा राहतो. पण आपल्या तालुक्याच्या गावातल्या एखाद्या अभ्यासिकेत एकदा डोकावून बघा. चार पोरं मिळून एक वर्तमानपत्र वाचतात, एकाने इतिहासाच्या नोट्स काढायच्या, दुसऱ्याने अर्थशास्त्राच्या, रात्री चहाच्या टपरीवर एकमेकांना प्रश्न विचारायचे. एकाच परीक्षेला बसणारी ही पोरं! त्यांना कळलंय की आपली झुंज शेजारच्या खुर्चीशी नाही, अभ्यासक्रमाशी आहे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलंही पक्कं होतं, हे त्यांना अनुभवाने कळलंय. आणि उद्या यातलाच एखादा तहसीलदार झाला, तर पूर आल्यावर त्याचा नंबर कितवा होता हे कोण विचारणार? तलाठी, पोलीस, डॉक्टर, गावातली तरुण मंडळी, सगळ्यांना एकत्र कामाला लावता येतं का, यावरच त्याची परीक्षा होणार.

दुसरी एक तक्रारही खरी आहे. ‘सगळे मिळून’ म्हटलं की एक राबतो आणि बाकीचे फोटोत उभे राहतात. आमच्या महिला मंडळाच्या सुट्टीतल्या शिबिरात अगदी असंच झालं. मुलांच्या गटांना आठवडी बाजारात सरबताची गाडी लावायला सांगितली होती. एका गटात दोन मुलींनी लिंबं पिळली आणि तीन मुलं बाजारभर भटकून आली. नफा मात्र पाच जणांत वाटला! पुढच्या वर्षी आम्ही दोन नियम केले. रोज गटप्रमुख बदलायचा. आणि संध्याकाळी गोलात बसून प्रत्येकाने सांगायचं, ‘आज मी काय केलं आणि मला कुणी मदत केली.’ नेतृत्वाची ढाल बंदच केली. त्या गोलात कामचुकार मुलाला काही बोलावं लागत नाही, त्याचं त्यालाच कळतं. आणि एरवी कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीचं नाव रोज तीन-चार जणांच्या तोंडी आलं. सुट्टे पैसे, ग्लास, बर्फ, सगळ्याचा हिशेब तिच्या डोक्यात होता. ढाल ठेवली असती तर ती आमच्या नजरेला पडलीच नसती.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. मूल शाळेतून आलं की ‘किती मार्क पडले? त्याला किती?’ हे विचारायच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारून बघा. ‘आज कुणाला काय समजावून सांगितलंस? आणि तुला कुणी सांगितलं?’ सुरुवातीला मुलं गोंधळतात. माझा मुलगा म्हणाला, ‘‘आई, बरी आहेस ना?’’ पण हळूहळू उत्तरं येऊ लागतात.

त्या वहीचं मात्र मनात सलत राहिलं होतं. गेल्या महिन्यात हळदीकुंकवाला त्या भेटल्या, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘अहो ताई, मला तेव्हाच कळलं होतं. वह्या तुमच्या मागे टेबलावरच दिसत होत्या.’’ मला खाली बघावंसं झालं. मग म्हणाल्या, ‘‘पण दुसऱ्या दिवशी तुमचा मुलगा शाळा सुटल्यावर आमच्याकडे आला होता. दप्तरात लपवून दोन्ही वह्या आणल्या होत्या. आईला सांगू नका म्हणाला.’’

प्रदर्शनाच्या वेळी तो चुकला, ते माझ्याकडून शिकलेलं होतं. वही देणं मात्र त्याचं स्वतःचं होतं. मुलांच्यात ते असतंच. आपण ते पुसून टाकलं नाही, तरी पुष्कळ झालं.